पाण्यावरचा आळ

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातून एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. आधी डोक्याला खाज सुटे, मग भांग पाडताना केसांचे पुंजके हातात येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. बोंडगाव, कालवड, हिंगणा असे करीत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. त्यात बायका होत्या, शाळकरी मुले होती. ठरलेली लग्ने अडचणीत आल्याच्या बातम्या आल्या. संशय आधी गेला तो पाण्यावर. हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. तपासणीत पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त आढळलेही. मग आणखी पुरावा कशाला हवा?

पाण्यावर असाच आळ पूर्वी अमेरिकेत घेतला गेला होता आणि तो पुसला जायला कित्येक वर्षे लागली. ती हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे.

मिसुरी नदीकाठी, आजच्या दक्षिण डाकोटा राज्यात, फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. तेथील डॉक्टर मॅडिसन यांनी १८५६ मध्ये घोड्यांच्या एका विचित्र रोगाचे वर्णन लिहून ठेवले. आयाळीचे व शेपटीचे केस गळत, खूर दुखरे होऊन निखळू लागत. पुढे त्या भागात वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गुरांनाही हाच रोग जडला. तेथील जमीन आणि पाणी अल्कधर्मी; म्हणून लोकांनी रोगाला नावच दिले 'अल्कली रोग'. नावातच निदान आल्यावर वेगळे कारण शोधायचे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

१९१२ च्या सुमारास तेथील कृषी प्रयोगकेंद्रात दुभत्या गाईंना मुद्दाम तसले पाणी पाजून पाहिले. गाईंना काहीही झाले नाही. पाणी निर्दोष ठरले, पण गुन्हेगार हाती लागला नाही. तो लागला १९३० नंतर. कुर्ट फ्रँके या रसायनशास्त्रज्ञांनी बाधित शेतांतले धान्य पांढऱ्या उंदरांना व कोंबड्यांना खाऊ घातले. उंदीर खुरटले आणि मेले. कोंबड्यांच्या अंड्यांत व्यंग असलेली पिल्ले तयार होऊ लागली. विष धान्यात होते, तेही त्याच्या प्रथिनात मुरलेले! १९३३ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्यातील रॉबिन्सन यांनी अशा गव्हात सेलेनियम असल्याचे दाखवून दिले.

हे मूलद्रव्य बर्झेलियस यांना १८१७ मध्ये स्वीडनमध्ये सापडले, ते सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातील गाळात. आवर्तसारणीत त्याची जागा गंधकाच्या बरोबर खाली आहे आणि सारी मेख येथेच आहे. वनस्पतींना या दोघांतला फरक नीट कळत नाही. अमिनो आम्लात जेथे गंधक बसायचा तेथे सेलेनियम जाऊन बसते. आपले केस, नखे आणि जनावरांचे खूर केराटिन या प्रथिनाचे; त्याच्या साखळ्यांना घट्टपणा येतो तो गंधकाच्या दुव्यांमुळे. हेच दुवे सेलेनियममुळे बिघडतात असे मानले जाते. डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात व त्यांच्या मुळांशी पेशी झपाट्याने विभागत असतात. घाव तेथे बसला की केस थोड्याच दिवसांत गळतात. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस दोन-तीन महिन्यांनी गळतात. किती दिवसांत गळले, हे म्हणूनच विचारायचे असते.

डाकोटाचे शेतकरी मात्र अगदीच चुकले नव्हते बरे का! अल्कधर्मी जमिनीत सेलेनियम अधिक विद्राव्य रूपात राहते आणि पिकांना सहज शोषता येते. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात माणसांचे केस व नखे गळाली. तेथे सेलेनियमयुक्त दगडी कोळशातून हे मूलद्रव्य जमिनीत आले होते आणि शेतात चुना टाकण्याच्या पद्धतीने त्याला पिकांत शिरायला मदतच केली. अवर्षणाने भात बुडाला, लोक स्थानिक मका व भाजीपाला जास्त खाऊ लागले आणि रोग उफाळला.

शेगावकडे परत येऊ. विंचूदंशावरील संशोधनामुळे आपल्याला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांतून नमुने नेऊन तपासून घेतले. त्यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलेल्या निष्कर्षांनुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. स्वस्त धान्य दुकानातील गव्हात ते किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम होते. गहू धुऊन घेतल्यावरही १३.६१. प्रथिनात मुरलेली वस्तू धुऊन कशी जाणार? विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. सेलेनियम शरीराला लागतेच, पण दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. प्रौढांसाठी ४०० ही वरची मर्यादा मानतात. अशा गव्हाच्या १०० ग्रॅम पिठाच्या पोळ्यांतून किती जाईल? उत्तर १,४५० च्या आसपास येते.

हा गहू पंजाबकडून आल्याचे बावस्करांचे म्हणणे. त्यावर वाद झाला. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे मात्र तेथील कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पूर्वीच नोंदवून ठेवले होते.

काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांतून नव्या तक्रारी आल्या. आता नखे ठिसूळ होऊन गळत होती, फोर्ट रँडलच्या घोड्यांचे खूर निखळत तशी.