एच्.आय्.व्ही. व महाराष्ट्रातील स्त्रिया

शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या एच्.आय्.व्ही. या विषाणूचा संसर्ग भारतात प्रथम १९८६ मध्ये मद्रास (आता चेन्नई) येथे, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीत आढळला. त्यामुळे हा रोग वेश्यावस्तीचा, अशी समजूत रूढ झाली. महाराष्ट्रातही प्रारंभीचे लक्ष मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्यांवर केंद्रित झाले; गृहिणीचा विचार फारसा झाला नाही.

पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्‌स संशोधन संस्था स्थापन झाली. शहरातील गुप्तरोग-चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांच्या पाहणीत ३९१ स्त्रिया देहविक्रय न करणाऱ्या होत्या. त्यांपैकी १३·६ टक्के बाधित निघाल्या. अशा बहुतेक स्त्रियांचा संबंध केवळ पतीशी आलेला होता. हा आकडा चिकित्सालयात आलेल्यांपुरताच असून सर्वसाधारण लोकसंख्येस लागू करता येत नाही. तथापि पातिव्रत्य हे संसर्गापासून संरक्षण नव्हे, हे त्यावरून निर्विवाद ठरले.

ग्रामीण भागात या प्रश्नाला स्थलांतराची जोड मिळते. कळमनुरी हा १९९९ पर्यंत परभणी व त्यानंतर हिंगोली जिल्ह्यात असलेला तालुका मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात मोडतो. या पट्ट्यातून ऊसतोडणीस पतिपत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून एकत्र जाते. बांधकाम वा मालवाहतुकीसाठी मात्र पुरुष बहुधा एकटाच बाहेर पडतो. तो परतल्यावर निरोधाचा आग्रह धरणे पत्नीस जवळजवळ अशक्य असते. त्यात पतीवर संशय घेतल्यासारखे होते आणि घराला तर मूल हवे असते.

गरोदरपणातील तपासणीमुळे पुष्कळदा पतीच्या आधी पत्नीचाच संसर्ग उघड होतो आणि रोग तिनेच घरात आणला असे ठरविले जाते. पतीच्या मृत्यूनंतर सासर तिला ठेवून घेत नाही, माहेरीही आसरा अनिश्चित असतो. हिंदू विधवा कायद्याने पतीची प्रथम वर्गाची वारस असते. परंतु घराबाहेर काढलेल्या स्त्रीला जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावून घेणे सोपे नसते.

ज्यांना दूषणे दिली गेली, त्या स्त्रियांनीच प्रतिबंधाचे काम हाती घेतल्याचे उदाहरण सांगलीत आढळते. तेथे १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेच्या प्रेरणेने १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली.

शासनाने १ एप्रिल २००४ पासून मोफत विषाणुरोधी उपचार (एआरटी) सुरू केले. प्रतिबंधक उपाय न केल्यास बाधित मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. औषधांनी ते ५ टक्क्यांखाली आणता येते. सर्व बाधित गर्भवतींना आजन्म उपचार देण्याचे धोरण २०१४ पासून, तर निदान होताच प्रत्येक रुग्णास उपचार देण्याचे धोरण २०१७ पासून लागू झाले. गोळ्या मोफत असल्या, तरी बुडालेली मजुरी रुग्णालाच सोसावी लागते.

एच्.आय्.व्ही. व एड्‌स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्याने संमतीविना तपासणीस व भेदभावास मनाई केली आणि बाधित व्यक्तीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. न्यायालयात खरे नाव झाकून टोपणनावाने दाद मागण्याचीही त्यात तरतूद आहे. लहान तालुक्याच्या गावी मात्र पक्षकार स्त्रीला लोक चेहऱ्यानेच ओळखतात.