जर्मनी, परभणी आणि पतंगाच्या मिशा

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे थट्टेनंही म्हणतात आणि अभिमानानंही. मी इतिहासाचा विद्यार्थी. या दोन नावांना खरोखर जोडणारा एखादा धागा असेल का, असं कुतूहल मला पुष्कळ दिवस होतं. तो धागा मला सापडला कापसाच्या शेतात, एका पतंगाच्या मिशीवर.

मिशी हा आपला बोलीतला शब्द. पुस्तकात तिला शृंगिका म्हणतात. झुरळ, मुंगी, टोळ यांच्या डोक्यावर तिची एक जोडी असते. पावसाळ्यात भिंतीवर चढणाऱ्या वाणीलाही एकच, झिंग्याला मात्र दोन. विंचवाला आणि कोळ्याला ती मुळीच नसते. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या मिशांनी एकमेकींना चाचपतात आणि समोरची आपल्या वारुळातली की परकी, हे वासावरून ओळखतात. नर डास तर मिशांनी ऐकतो. मादीच्या पंखांची गुणगुण टिपणारं इंद्रिय त्याच्या मिशीच्या बुडाशी असतं. ख्रिस्तोफर जॉन्स्टन या अमेरिकी डॉक्टरनं १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि आजही ते इंद्रिय त्याच्याच नावानं ओळखलं जातं. आपलं नाक, कान आणि बोट यांची कामं किड्यांच्या या एका अवयवात एकवटलेली आहेत.

पण हे माणसाला सहजासहजी उमगलं नाही. फ्रान्समध्ये जाँ आंरी फाब्र नावाचे कीटकांचे थोर निरीक्षक होऊन गेले. त्यांच्या घरी एका सकाळी मोठ्या पतंगाची मादी कोशातून बाहेर पडली. त्यांनी ती जाळीखाली ठेवली. त्या रात्री अंधारातून चाळीसेक नर तिच्याभोवती गोळा झाले. मादी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली की एकही नर फिरकत नसे. दुसऱ्या एका जातीची मादी त्यांनी काचेखाली ठेवली, तर समोर दिसत असूनही नर तिच्याकडे न जाता ती आधी बसली होती त्या रिकाम्या जागी घिरट्या घालू लागले. म्हणजे हे काम डोळ्यांचं नव्हतं. फाब्र यांनी काही नरांच्या शृंगिका कापूनही पाहिल्या. त्यांतले बहुतेक नर परतले नाहीत. पण पतंगाचं आयुष्यच दोन-चार दिवसांचं, तेव्हा एवढ्यावरून निकाल द्यायला ते तयार नव्हते.

कोडं सुटलं जर्मनीत. आडोल्फ बुटेनांट हे १९३९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी रसायनशास्त्रज्ञ. रेशमाच्या पतंगाची मादी हवेत नेमकं काय सोडते, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे वीस वर्षं घेतला. जवळजवळ पाच लाख माद्यांच्या गंधग्रंथी जमवल्या, तेव्हा कुठे हाती काही मिलिग्रॅम पदार्थ लागला. १९५९ मध्ये त्यांनी त्याला बॉम्बिकॉल असं नाव दिलं. त्याआधी १९५७ मध्ये डीट्रिख श्नायडर यांनी पतंगाच्या शृंगिकेला बारीक विद्युत्अग्रं जोडून, वास लागताच तिच्यात उमटणारा विजेचा क्षीण स्पंद नोंदवला होता. रेशमाच्या नराची शृंगिका कंगव्यासारखी असते आणि तिच्यावर हजारो सूक्ष्म केस असतात. त्या केसांतल्या मज्जापेशीला बॉम्बिकॉलचा एकच रेणू लागला तरी ती जागी होते!

आता परभणीकडे येऊ. आपला पतंग रेशमाचा नव्हे, गुलाबी बोंडअळीचा. नखाएवढा, मातकट रंगाचा, दोऱ्यासारख्या मिशांचा. या किडीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली तीही हिंदुस्थानच्या कापसावरूनच. भडोचकडचे नमुने विलायतेत गेले आणि १८४३ मध्ये साँडर्स या कीटकतज्ज्ञानं तिचं वर्णन केलं. पुढे ती सरकीबरोबर जगभर फिरली आणि १९१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासला पोचली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये तिच्या मादीचा गंध ओळखून प्रयोगशाळेत तयार केला. त्यालाच आपण कामगंध म्हणतो. सापळ्यातल्या गोळीला, म्हणजे ल्यूरला, तोच गंध लावलेला असतो. नर मादी समजून येतो आणि पिशवीत अडकतो.

मग हे हत्यार हाती असताना आपलं नुकसान का झालं? २००२ मध्ये बीटी कापूस आला आणि बोंडअळीचा धाक गेला. सापळ्यांची आठवण राहिली नाही. पाकिटासोबत मिळणारं बिगरबीटी बियाणं अनेकांनी बांधाकडेला लावलंच नाही. फरदड उन्हाळ्यापर्यंत उभी राहिली आणि अळीला वर्षभर घर मिळालं. बीटीचं विष पचवणारी अळी तयार होत गेली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं फुटली ती किडकी, हाती आली ती कवडी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

या अळीची मेख अशी, की अंड्यातून निघताच ती थोड्याच वेळात बोंडात शिरते. वरून छिद्रही दिसत नाही. मग फवारणी करा की करू नका, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पतंग केव्हा उडू लागला, हे आधी कळणं महत्त्वाचं. ते सांगतो सापळा. पाहणीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक नर सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं कृषी शास्त्रज्ञ सांगतात. त्याहून कमी असतील तर फवारणीचा खर्च वाचला आणि जिवाचा धोकाही.

मी बांधावर टांगलेले सापळे पाहतो, तेव्हा पुष्कळदा ल्यूर महिने न महिने बदललेला नसतो. पिशवीत पतंग असतात, पण ते कुणी मोजलेले नसतात. सापळा टांगला म्हणजे काम झालं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तिथे काम सुरू होतं. अमेरिकेनं कामगंध, वांझ पतंग आणि बीटी कापूस यांची सांगड घालून, गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून, आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं २०१८ मध्ये जाहीर केलं. एकट्याच्या शेतात हे जमत नाही. शेजारच्या शिवारातला पतंग धुरा ओळखत नाही.

लाखो वर्षं घडत आलेलं ते नाक आपल्याला हवं ते सांगायला तयार आहे. सकाळी शेतात गेल्यावर पिशवी उघडून पतंग मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. शेजाऱ्यालाही तो सांगायचा. एवढं मात्र आपलं आपणच करायला हवं.