ध्रुवीय प्रदेशांतील उच्चस्तरीय वारे : मापनाचा इतिहास

उच्चस्तरीय वारे मोजण्याची जुनी रीत म्हणजे हायड्रोजन भरलेला लहान फुगा सोडून थिओडोलाइट या कोनमापक दुर्बिणीने त्याचा मागोवा घेणे. फुगा ठराविक गतीने चढतो असे मानून, दर मिनिटाला घेतलेल्या कोनांवरून त्याचे स्थान व त्यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग काढतात. फुगा ढगात शिरला की मापन तेथेच संपते. ध्रुवीय प्रदेशात दीर्घ रात्रीची आणखी अडचण येते.

अंटार्क्टिकातील या कार्याच्या आरंभाशी भारतीय हवामान खात्याचा संबंध आहे. खात्याच्या सिमला कार्यालयातील जॉर्ज सिंप्सन हे स्कॉट यांच्या १९१०–१३ च्या मोहिमेत वातावरणवैज्ञानिक होते. केप एव्हान्स येथून त्यांनी सोडलेल्या काही फुग्यांना हलके नोंदणी-उपकरण व लांबच लांब रेशमी धागा बांधलेला असे. उपकरण सुटून खाली पडले की धाग्याच्या मागाने ते शोधावयाचे. सु. ३,८०० मी. उंचीच्या एरेबस ज्वालामुखीचा धूर हा तर आयता वातदर्शकच होता. स्कॉट यांच्या शोकांतिकेमुळे ही निरीक्षणे काहीशी झाकोळली गेली, हे खरे. १९१२ मध्ये सिंप्सन सिमल्यास परतले. १९१४ मध्ये जे. एच. फील्ड यांच्या पुढाकाराने आग्रा येथे उच्च वातावरणाची वेधशाळा निघाली. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय पुण्यास आले.

ढग व अंधार यांची अडचण रेडिओने दूर केली. मल्चानफ या रशियन वैज्ञानिकांनी ३० जानेवारी १९३० रोजी रेडिओसाँड सोडला. पुढे रडारच्या साहाय्याने न दिसणाऱ्या फुग्याचाही माग काढता येऊ लागला. पुण्यात ॲना मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्याबरोबर वर जाणारे ओझोनमापक उपकरण तयार केले. भारताच्या अंटार्क्टिकातील केंद्रावरूनही अशी उपकरणे सोडण्यात आली.

तेथे ओझोन व वारा यांच्या नोंदी एकत्रच वाचाव्या लागतात. हिवाळ्यात स्थितांबरात ध्रुवाभोवती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा भोवरा बनतो व तो बाहेरची उबदार हवा आत येऊ देत नाही. आतील तापमान सु. −८०° से.च्या खाली गेले की विशिष्ट ढग तयार होतात. वसंतात सूर्य परतल्यावर, या ढगांवरील विक्रियांतून मोकळे झालेले क्लोरीन ओझोनाचा नाश करते. १९८५ मध्ये जाहीर झालेले ओझोन विवर या भोवऱ्याच्या आत पडते. वाऱ्याची नोंद नसेल, तर केंद्रावरील ओझोन घटला की भोवराच सरकला, हे ठरविणे कठीण होते.

सु. ३५ किमी. उंचीच्या आसपास फुगा फुटतो. त्याहून वरच्या वाऱ्यांसाठी अग्निबाणातून सोडलेल्या धातूच्या पातळ पट्ट्यांचा रडारने माग घेत असत. ८० ते १०० किमी. उंचीवर उल्कांच्या आयनीभूत शेपटांवरून परावर्तित होणाऱ्या रेडिओ तरंगांचा उपयोग करतात.