संगणकविद्येंतील मुक्तद्वार

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण म्हणतों. पण व्यापारांत या वचनाची कसोटी क्वचितच लागते. संगणकविद्येच्या इतिहासांत ती लागली. १९७० नंतर आज्ञावलींचा मूळ पाठ गुप्त ठेवून केवळ वापराचा परवाना विकण्याची प्रथा रूढ होत गेली. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांस ती असह्य झाली. १९८३ सालीं त्यांनीं ‘ग्नू’ योजना जाहीर केली. १९८९ सालीं एक विलक्षण परवाना प्रसिद्ध केला. पाठ वाचा, बदला, वांटा. मात्र ज्यास द्याल त्यासही हेच हक्क द्या. स्वामित्वाच्या कायद्यानेंच सामायिक धन राखण्याची ही युक्ति होय.

१९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें ‘लिनक्स’चा गाभा लोकांपुढें ठेवला व पुढील वर्षीं तो याच परवान्याखालीं आणला. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनीं लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. त्याच कंपनीनें २०१८ सालीं मुक्त आज्ञावलींचें मोठें भांडार ‘गिटहब’ विकत घेतलें. तत्पूर्वींच, २०१७ च्या नोव्हेंबरांत, जगांतील अग्रगण्य ५०० महासंगणक एकजात लिनक्सवर चालत होते.

परंतु या विजयानें आम्ही निश्चिंत होत नाहीं. २०१४ सालीं ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला, तेव्हां दिसून आलें कीं, असंख्य संकेतस्थळांचें गुपित राखणाऱ्या या आज्ञावलीची निगा मोजकीं माणसें तुटपुंज्या निधींत राखीत होतीं. गांवची विहीर सर्वांची खरी. पण गाळ कोणीं उपसावा, हेंही गांवानेंच ठरवावें लागतें. ज्यांच्या घागरी मोठ्या, त्यांनीं पहिल्यानें विहिरींत उतरावें, असें आमचें मत आहे.