सोसणें आणि क्षमा : ऐतिहासिक कादंबरींतील अपराधी नायक

दुरावलेलीं दोन मनें पुन्हां एक होतात, ही कथा वाचकांस सदैव प्रिय असते. परंतु दुरावा नायकाच्या प्रतारणेमुळें आलेला असला, म्हणजे लेखकापुढें पेंच पडतो. नायक वाचकाच्या मनांतून उतरला, तर मीलनाचा आनंद व्हावा कसा?

या पेंचांतून सुटण्याची वाट आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतांतील दुष्यंताला शकुंतलेची ओळख पुरती असते. तरीहि भर सभेंत तो तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर लोकापवादाचें कारण पुढें करतो. कालिदासानें दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी आणून राजाला दोषमुक्त केलें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’नें हाच निर्दोष दुष्यंत मराठी रसिकांपुढें उभा केला. नाटक रमणीय झालें खरें. पण शकुंतलेनें क्षमा करावी असें त्यांत फारसें कांहीं उरलें नाहीं.

इतिहासाच्या हातीं असा शाप नसतो. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, याच्या उत्तरेस हर्सूल व तेथून पुढें अजिंठ्याची वाट. दक्षिणेस पैठण व गोदाकांठ. १७४० च्या आरंभीं पहिल्या बाजीराव पेशव्यांची अखेरची मोहीम निजामपुत्र नासिरजंगाविरुद्ध याच मुलुखांत झाली आणि फेब्रुवारींत मुंगी-शेवगांवचा तह होऊन ती संपली. त्याच सुमारास पुण्यांत मस्तानी नजरकैदेंत होती. २८ एप्रिल रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें बाजीरावांचा अंत झाला. मस्तानीहि फार दिवस जगली नाहीं.

१७२९ च्या बुंदेलखंडाच्या स्वारीनंतर मस्तानी बाजीरावांच्या जीवनांत आली. १७३४ सालीं काशीबाईंस रघुनाथराव झाले, आणि त्याच वर्षीं मस्तानीस समशेरबहाद्दर झाला. या दोन जन्मांवरून दिसतें कीं, ‘एकीला टाकलें व दुसरीला धरलें’ एवढी सरळ ही हकीकत नव्हे. ना. सं. इनामदारांनीं १९७२ सालीं ‘राऊ’ या कादंबरींत ती रंगविली, आणि २०१५ सालीं तिच्या आधारें निघालेल्या चित्रपटानें ती देशभर पोंचविली.

अशा कथेंत लेखकाला मोह अनेक. नायकाला वांचविण्यासाठीं पत्नी रुक्ष करावी, प्रेयसी मायाविनी करावी, किंवा सारा दोष आप्तांच्या माथीं मारावा. याहून सूक्ष्म मोह म्हणजे, पत्नी घरांत राहिली एवढ्यावरून तिनें क्षमा केली असें लिहिणें. त्या काळीं कित्येक जातींत काडीमोडीची व पाटाची मोकळीक होती. ब्राह्मण स्त्रीला ती नव्हती. जिला जातांच येत नाहीं, तिच्या राहण्याला क्षमा कसें म्हणावें? तें केवळ सोसणें होय.

शिवाय दुसरी बायको करणें हा पुरुषाचा अपराध तेव्हां गणला जात नसे. पुण्यांत खळबळ माजली ती मस्तानीच्या कुळधर्मावरून. काशीबाईंच्या दुःखावरून नव्हे. द्विभार्येस मनाई करणारा कायदा मुंबई प्रांतांत १९४६ सालीं झाला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ती मनाई देशाच्या बहुतेक भागांत लागू झाली व घटस्फोटाचा मार्गहि मोकळा झाला. अठराव्या शतकांत पत्नीची फिर्याद ऐकणारें न्यायासन नव्हतें. तें न्यायासन मांडणें हें कादंबरीकाराचें काम आहे.

म्हणून नायक कांहीं काळ अप्रिय झाला, तरी लेखकानें भिऊं नये. अपराधाचें पूर्ण माप पदरांत घालून, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार निदान मनानें तरी पत्नीच्या हातीं ठेवून जें मीलन रंगविलें जाईल, तेंच वाचकाला पटेल. बाजीरावांच्या पराक्रमास त्यानें उणेपणा येत नाहीं. काशीबाईंस मात्र त्यांचें माणूसपण परत मिळतें.