मृण्मय अलंकार, विदर्भातील

माती मळून, तिला आकार देऊन व भाजून तयार केलेले मणी, पदके, लोलक, कर्णभूषणे, बांगड्या इ. अलंकार. सोने, चांदी, हस्तिदंत व मौल्यवान खडे यांच्या मानाने हे अलंकार अल्पमोली असल्याने त्यांचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. तथापि सामान्य जनांच्या वेशभूषेचा पुरावा म्हणून त्यांचे महत्त्व मोठे आहे. धातूचा दागिना जुना झाला की मोडीत निघतो व त्याबरोबर त्याचे मूळ रूपही नाहीसे होते. भाजलेली माती वितळवून पुन्हा वापरता येत नाही, ती गंजत नाही आणि कुजतही नाही. भंडारा हे शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी या जिल्ह्याच्या प्राचीन जीवनाचा शोध घेताना धातूइतकेच मातीच्या वस्तूंकडे लक्ष द्यावे लागते, ते याच कारणाने.

प्राचीन परंपरा : भारतात मृण्मय अलंकारांची परंपरा सिंधू संस्कृतीइतकी जुनी आहे. त्या संस्कृतीच्या स्थळांत मातीच्या बांगड्या व मणी विपुल सापडतात. महाराष्ट्रात इनामगाव (पुणे जिल्हा) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतही मातीचे मणी मिळाले आहेत. सातवाहन काळात (सु. इ. स. पू. पहिले ते इ. स. तिसरे शतक) या कलेला बहर आला. सुपारीच्या व घटाच्या आकाराचे मणी, तसेच कानाच्या पाळीत बसविण्याची, रिळासारखी मध्ये निमुळती होणारी कर्णभूषणे ही तत्कालीन दख्खनची वैशिष्ट्ये होत. कार्ले येथील चैत्यगृहातील दांपत्यमूर्तींच्या अंगावर जड अलंकार कोरलेले आहेत. मूर्तींवरील व मातीतील अलंकारांचे आकार ताडून पाहिल्यास उच्च वर्गाची आवड खालपर्यंत कशी झिरपत असे, याची कल्पना येते.

भंडारा जिल्हा : वैनगंगेच्या काठावरील पवनी हे या जिल्ह्यातील सर्वांत महत्त्वाचे प्राचीन स्थळ. तेथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. त्यात जगन्नाथ टेकडी व सुलेमान टेकडी येथील बौद्ध स्तूपांचे अवशेष, शिल्पांकित स्तंभ व ब्राह्मी लेख उजेडात आले. पुढे १९९४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अमरेंद्र नाथ यांच्या नेतृत्वाखाली तेथे पुन्हा उत्खनन केले. पवनी, पवनार, कौंडिण्यपूर, आदम अशा विदर्भातील प्राचीन नगरांचा विचार केला, तर त्या काळच्या वस्तीच्या थरांत दगडी मण्यांच्या जोडीला मातीचे मणीही येतात. नागपूरजवळील माहुरझरी येथे अकीक व तत्सम खडे घासून व भोके पाडून मणी करण्याचा उद्योग चाले. दगडी मण्यासाठी कुशल कारागीर व दूरवरचा व्यापार लागे. मातीचा मणी मात्र गावातल्या कुंभाराच्या आव्यात भांड्यांबरोबर भाजून निघे. एकाच नगरात या दोन्ही वस्तू नांदत होत्या, यावरून अलंकाराची हौस केवळ धनिकांपुरती मर्यादित नव्हती, हे स्पष्ट होते.

पदके व रोमन नाणी : गळ्यात घालण्याच्या पदकांत रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती विशेष उल्लेखनीय आहेत. नेवासे, तेर, कोंडापूर (तेलंगण) व शिशुपालगड (ओडिशा) येथे त्या मिळाल्या असून, कित्येकांना दोरा ओवण्यासाठी छिद्र किंवा कडी आहे. खरे नाणे ओल्या मातीवर दाबून साचा घेत, तो भाजत आणि मग त्यात माती दाबून ठसा उठवीत. वाळताना व भाजताना माती आकसते, म्हणून अशी प्रतिकृती मूळ नाण्याहून किंचित लहान भरते. सम्राटाचे सोने ज्याच्या हाती कधी येणार नव्हते, त्याने त्याची मुद्रा मातीत उतरवून गळ्यात बांधली. त्यामुळे ही पदके केवळ नक्कल ठरत नाहीत. सागरी व्यापाराची छाया सामान्य घरापर्यंत कशी पोहोचली होती, याची ती साक्ष आहेत.

निर्मिती : भंडारा हा तलावांचा व भाताचा जिल्हा. तलावात साचणारा बारीक गाळ मातीकामास उपयुक्त असतो. निव्वळ चिकण माती वाळताना तडकते, म्हणून तीत वाळू, राख किंवा भाताचे तूस मिसळतात. खडे वेचून माती चांगली तिंबल्यावर हाताने किंवा साच्याने पदक घडवितात. छिद्र माती अर्धवट सुकलेली असताना पाडावे लागते. फार ओलीत ते मिटते, तर पूर्ण वाळलेलीत कड फुटते. आकसण्याचा विचार करून ते दोऱ्यापेक्षा मोठे ठेवतात. पदकाचा सारा भार छिद्रावरच्या अरुंद कडेवर पडत असल्याने ते बहुधा तेथेच तुटते. सावलीत वाळवून व गुळगुळीत गोट्याने घोटून ते भाजतात. भट्टीत मोकळी हवा मिळाल्यास लोहांशामुळे माती लाल होते. हवा कोंडून धूर केल्यास काळी होते. केओलीन या मातीत लोहांश अत्यल्प असल्याने ती पांढरी राहते. काचेसारखी झिलई देण्यासाठी अधिक तापमानाची भट्टी लागते.

आधुनिक काळ : काचेच्या, पितळेच्या व पुढे प्लॅस्टिकच्या स्वस्त दागिन्यांपुढे मातीचे अलंकार मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलावस्तू म्हणून त्यांना पुन्हा मागणी आली. भंडाऱ्यालगतच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघामार्फत कुंभारकामाच्या सुधारणेचे व शिक्षणाचे कार्य केले. आजचे हस्तनिर्मित पदक नव्या अभिरुचीचे अपत्य असले, तरी माती, छिद्र व अग्नी यांचे नियम जुनेच आहेत. प्राचीन पदकांविषयी मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. नांगरटीत वर आलेला मणी कोणत्या थरातला, हे कळले नाही तर त्याचे ऐतिहासिक मोल जवळजवळ संपते. सोन्याचा दागिना सापडल्यास गवगवा होतो. मातीचा मणी ढेकूळ समजून फेकला जातो, आणि त्याबरोबर सामान्य माणसाच्या इतिहासाचा एक दुवाही निसटतो.