इंजिनातील तेलगाळ

इंजिनातील तेलगाळ म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनातील वंगणतेल खराब होऊन तयार होणारा काळा, दाट व चिकट पदार्थ होय. गॅरेजमध्ये त्याला 'स्लज' असेही म्हणतात. वेळेवर तेल न बदललेल्या मोटारींमध्ये तो प्रामुख्याने आढळतो. साफ करताना सुटलेला गाळ तेलाचे मार्ग बंद करू शकतो; त्यामुळे स्वच्छतेची पद्धत गाळाच्या प्रमाणानुसार ठरवावी लागते.

निर्मिती

उच्च तापमानात हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तेलाचे ऑक्सिडीकरण होते. पिस्टनच्या कड्यांमधून निसटणारे ज्वलनवायू, काजळी, न जळालेले इंधन व पाण्याची वाफ त्यात मिसळतात. नव्या तेलात मळ सुटा करणारी आणि तो तरंगत ठेवणारी रासायनिक द्रव्ये असतात. ती संपल्यावर मळ एकत्र येऊन धातूवर बसतो. सतत कमी अंतर धावणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही व त्यातील पाणी बाहेर पडत नाही. वायू बाहेर नेणारी पीसीव्ही झडप तुंबल्यासही गाळ वाढतो.

इंजिनाची रचनाही याला हातभार लावू शकते. १९९७ ते २००२ या काळातील टोयोटाच्या काही इंजिनांविषयी अमेरिकेत अशा तक्रारी आल्यानंतर कंपनीने २००२ मध्ये संबंधित दुरुस्तीची मुदत ८ वर्षांपर्यंत वाढवली.

परिणाम

तेलाचा पंप इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधून जाळीद्वारे तेल ओढतो. जाळी तुंबल्यास तेलाचा दाब घटतो, डॅशबोर्डवरील तेलाचा दिवा लागतो आणि टॅपेटचा खडखडाट ऐकू येतो. तेल न मिळाल्यास कॅमशाफ्ट, टर्बोचार्जर व क्रँकशाफ्टचे बेअरिंग झिजतात. अखेरीस इंजिन जाम होते.

ओळख

तेल भरण्याचे झाकण उघडल्यावर आत काळा थर दिसणे ही प्राथमिक खूण होय. पांढरट, फेसाळ थर मात्र तेलात पाणी मिसळल्याचे दर्शवतो. तो साचलेल्या दमटपणामुळे किंवा हेड गॅस्केट फुटल्यामुळे येऊ शकतो.

स्वच्छता

गाळ पातळ असल्यास योग्य प्रतीचे तेल व फिल्टर नेहमीपेक्षा कमी अंतराने अनेकदा बदलतात. गाळ हळूहळू विरघळून तेलाबरोबर बाहेर पडतो.

फ्लशिंगचे द्रावण जुन्या तेलात मिसळून, उत्पादकाने सांगितलेला वेळ इंजिन गाडी न चालवता मंद गतीने सुरू ठेवतात. नंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलतात. जाड गाळ असलेल्या इंजिनात ही पद्धत धोकादायक ठरते, कारण सुटलेले तुकडे थेट जाळीवर जाऊन अडकतात. फिल्टर तुंबल्यास त्यातील बायपास झडप उघडते व न गाळलेले तेल बेअरिंगकडे जाते.

अशा इंजिनाचे चेंबर व टॅपेट कव्हर उतरवून गाळ हाताने खरवडतात, जाळी धुतात किंवा बदलतात आणि नवी गॅस्केट बसवतात. बेअरिंग आधीच झिजले असल्यास केवळ स्वच्छतेने दाब पूर्ववत होत नाही. इंजिन पूर्ण उघडावे लागते.

प्रतिबंध व विल्हेवाट

वाहनपुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा तेल बदलणे हा मुख्य उपाय आहे. काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात वापरलेल्या तेलाचा समावेश २०१६ च्या घातक अपशिष्टविषयक नियमांत होतो व ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देणे अपेक्षित आहे.